कमान काढा

बीडमध्ये कुणाला माझं खरं नाव विचारलंत तर घर सापडायचं नाही. ‘राजी मास्तर’ म्हणा, लहान पोरसुद्धा हाताला धरून दारात आणून सोडेल. हे नाव ऐकून बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, मास्तर मोठा गोड स्वभावाचा, कुणाला नाही न म्हणणारा माणूस असणार. तसं काही नाही. मी तापट आहे. खात्री करायची तर आमच्या स्वयंपाकघरात विचारा. हे नाव मला रागाच्या भरातच मिळालं, आणि त्या रागाचं कारण एक कमान होती. संपादकांनी ‘नोकरीतल्या गमती लिहा’ असं सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण कुठूनही सुरुवात केली तरी मी शेवटी त्या कमानीखालीच येऊन उभा राहतो, त्याला माझा इलाज नाही.

मी मूळचा नगरकडचा, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी हद्दीतला. चित्रकलेच्या परीक्षा देऊन मोकळा झालो तेव्हा आमच्याकडे ड्रॉइंग मास्तरांना कुणी विचारत नव्हतं, आणि निजामाच्या राज्यात ते मिळत नव्हते. म्हणून हद्द ओलांडून बीडला आलो. तिथे सरकारी शाळेला मदरसा म्हणत, हेडमास्तरांना सदर मुदर्रिस म्हणत, आणि मला काय म्हणावं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेच्या शिपायानं पहिल्याच दिवशी विचारलं, “तुमी रंगारी का?” मी रागानं पाहिलं, तर तो समजुतीनं म्हणाला, “न्हाई, बाकडी रंगवायची हायेत.”

बाकडी मी रंगवली. पुढं शाळेचं फाटक रंगवलं, घंटेची चौकट रंगवली, आणि बडे साहेब येणार असले की स्वागताची पाटीही रंगवू लागलो. पाटी अर्थातच उर्दूत. मला तेव्हा उर्दूचं अक्षर येत नव्हतं. आमचे करीम मौलवी कागदावर लिहून द्यायचे आणि मी ते अक्षर न वाचता, तांब्याचं किंवा मडक्याचं चित्र काढावं तसं काढायचो. मौलवी म्हणायचे, “मास्तर, तुम पढते नहीं, पर लिखते मुझसे अच्छा.” एकदा जिल्ह्याचे तालुकदारसाहेब, म्हणजे आपले कलेक्टर, यायचे होते. ‘आपकी आमद रहमत है’, म्हणजे आपलं येणं ही कृपा आहे, असं लिहायचं होतं. मी लिहिलं, पाटी उभी केली, आणि ब्रशातला एक थेंब नेमका ‘रहमत’च्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर पडला. मला तो दिसला. पण एवढ्याशा थेंबानं काय होतंय म्हणून मी सोडून दिला. साहेबांची मोटार फाटकात शिरत होती आणि करीम मौलवी डोक्यावरची पगडी काढून तिच्या पदरानं ती पाटी पुसत होते. एका ठिपक्यानं ‘रहमत’ची ‘जहमत’ झाली होती. आपलं येणं ही मोठी पीडा आहे, असं मी तालुकदारसाहेबांना वळणदार अक्षरात कळवलं होतं. त्या दिवसापासून मौलवींनी मला उर्दू शिकवायला घेतलं आणि आमची दोस्ती झाली.

हे मौलवी बीडचेच. त्यांचे आजे-पणजेही इथलेच. त्यांचं बोलणं दखनी. ‘हौ’ आणि ‘नक्को’वाचून त्यांचं वाक्य पुरं होत नसे. सदर मुदर्रिस मात्र लखनौकडचे होते. फार सभ्य माणूस. शिपायालासुद्धा ‘आप’ म्हणायचे, आणि आमचं सगळ्यांचं बोलणं ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखत असल्याची कळा यायची.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोकांना वाटतं चित्रकला बोटात असते. बोटानं काढलेली रेघ कापते. हात खांद्यातून फिरला पाहिजे, बैलगाडीचं चाक आसात फिरतं तसा. मुलांना मी आधी कागद देतच नसे. कागद होता तरी कुठे? तुरीच्या काड्या मडक्यात घालून, तोंड लिंपून, चुलीत भाजल्या की उत्तम कोळसा मिळतो. तो घ्यायचा आणि शाळेच्या मागच्या भिंतीवर उभ्यानं, पूर्ण हातानं रेघा ओढायच्या. सरळ, मग वाकड्या. आणि सगळ्यात शेवटी कमान.

कमान ही ड्रॉइंग मास्तरची खरी कसोटी. मधली उभी रेघ काढायची. मग डावीकडचा बाक काढायचा, तो उजव्या हाताच्या मुलाला सहज येतो. उजवीकडचा बाक काढताना मात्र हात स्वतःच्याच वाटेत येतो आणि कमान त्या बाजूनं खाली बसते. बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही. एवढंच वाटतं की हिच्याखालून जाऊ नये, पडेल. चूक शोधायची युक्ती अशी, की कागद उलटा धरायचा. सरळ बघताना डोळा सवयीनं चूक झाकून घेतो. उलट्यात त्याला ते जमत नाही.

बीडमध्ये कमान शिकवायला नमुना आणावा लागत नसे. गावाला वेशी होत्या. मी वर्गच्या वर्ग उचलून राजुरी वेशीखाली नेऊन बसवायचो. येणारेजाणारे थांबून बघायचे. एक पाटील घोड्यावरून उतरून माझ्याशी भांडले होते. म्हणाले, “पोरगं साळंत घातलंय का येशीत? येशीत बसायला त्याला फी कावून भरू?” मी म्हणालो, “पाटील, तुम्ही जन्मभर या कमानीखालून जाता. तिचं टोक गोल आहे का अणकुचीदार, न बघता सांगा.” पाटलांनी वर बघायला मान उचलली, मी म्हणालो, न बघता. ते घोड्यावर बसून निघून गेले, पण मुलगा शाळेत राहिला.

बिरू याच वर्गात होता. शिरूर कासारकडचा, धनगराचा. बाप मेंढरांमागे; बिरू राहायचा बीडला मामाकडे. मामाचं घोंगड्यांचं दुकान वेशीच्या आतच होतं. दोनदा मागे राहिल्यामुळे तो वर्गात सगळ्यांत थोराड, मिसरूड फुटलेला. अंगानं दांडगा, तोंडानं फटकळ. मास्तरांशी बोलताना आदर ठेवायचा, पण आदरात गप्प बसणं धरलेलं नव्हतं.

“मास्तर, ह्ये पुसून परत काढायचं कावून?”

“चुकलंय म्हणून.”

“मला तर लई झ्याक दिसतंय.”

“उलटं धर.”

तो पाटी उलटी धरायचा, बराच वेळ बघायचा आणि म्हणायचा, “बसली हाय. उजवी बाजू बसली.” मग स्वतःच पुसायचा. ही उजवी बाजू त्याच्या फार दिवस पाठीस लागली होती. मी घरी निघालो तरी हा मागच्या भिंतीपाशी कोळसा घेऊन उभाच. मामा मला बाजारात धरून म्हणायचे, “मास्तर, ह्यो झोपंतबी हात फिरवतुया. दुकानात घोंगड्यावर बोटानं कमानी काढतुय. गिऱ्हाईक इच्यारतंय, ह्याला झालंय काय?”

बिरूचा बाप एकदाच शाळेत आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. ओट्यावर बसा म्हटलं तर उभाच राहिला. औरंगाबादेला सरकारी उद्योगशाळा होती. लाकडावरचं कोरीवकाम, सुतारकी, असले हुन्नर शिकवत. राहण्याखाण्याची सोय सरकारी. मुलगा ड्रॉइंगची परीक्षा पास असला तर त्याला तिथे घेत. मी ते बापाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “मास्तर, माझ्याच्यानं आता एकल्यानं मेंढरं आवरत न्हाईत. पर तुमी म्हणताय तर ह्या साली बघू. पास झाला तर औरंगाबाद. न्हाई झाला तर मेंढरं. मंग मला काय म्हणू नगा.” यात मला म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. त्याचं म्हणणं रास्त होतं.

तोवर आमची मुलं ड्रॉइंगच्या परीक्षेला नगरला, इंग्रजी हद्दीत जाऊन बसत. तिथं पेपर मराठीतून समजावून देत. त्याच साली हैदराबादेहून गश्ती आली. गश्ती म्हणजे सगळ्या शाळांत फिरवलेला हुकूम. हैदराबादेला तेव्हा वरचं सगळं शिक्षण उर्दूतून देण्याची मोठी हौस होती. परक्या इंग्रजीपेक्षा आपल्या मुलखातल्या भाषेत शिकावं, हा विचार वाईट नव्हता. फक्त मुलखात राहणाऱ्या बहुतेकांची ती भाषा नव्हती, एवढं ध्यानात घ्यायचं राहून गेलं. तर गश्तीत असं होतं, की रियासतीच्या मुलांनी रियासतीचीच परीक्षा द्यावी. पेपर हैदराबादेहून उर्दूत येईल. तो मोठ्यानं वाचून दाखवावा, पण त्याचा तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करून सांगू नये.

मी मौलवींना म्हणालो, “आता माझी पोरं मेली.”

ते म्हणाले, “कायकू मरतीं? मैं सिखाता ना लफ्ज.”

आणि त्यांनी खरोखर शिकवले. पेपरात येण्यासारखा एकेक शब्द काढून माझ्या तासाला येऊन बसायचे. गुलदान म्हणजे फुलं ठेवायचं भांडं. परिंदा म्हणजे पाखरू. शमादान, सुराही, दरख्त. मुलं शब्द ऐकायची आणि चित्र काढायची. एवढा चांगला वर्ग मी पुन्हा कधी पाहिला नाही. आम्ही अवघड अवघड शब्द सगळे घेतले. सोपे घेतले नाहीत. सोपे कशाला घ्यायचे?

परीक्षेच्या दिवशी मला, विषयाचा मास्तर म्हणून, आत जायची बंदी होती. मी बाहेर लिंबाखाली बसलो. आत करीम मौलवींनी पेपर वाचला. मोठा प्रश्न एकच होता, त्यालाच सगळे गुण: ‘याददाश्त से कमान की तस्वीर बनाओ.’ आठवणीनं कमानीचं चित्र काढा.

मुलं बाहेर आली ती ओरडतच. “मास्तर, कमान आली!” बिरू सगळ्यांच्या मागून आला. हात कोळशानं काळे, कपाळही काळं. मी विचारलं, “उजवी बाजू?” तो म्हणाला, “उलटं धरून बगितलं. न्हाई बसली.” मग जरा थांबून म्हणाला, “मला तर न्हाई वाटत बसली.” मी शिपायाला पाठवून बत्तासे आणवले. सगळ्या वर्गाला वाटले, मौलवींना वाटले.

तेवढ्यात मुलांत हशा पिकला. सदर मुदर्रिसांचा मुलगा अन्वर त्याच वर्गात होता. त्यानं म्हणे कागदावर धनुष्य काढलं होतं. “कमान काढ म्हणलं तर धनुष्य काढतंय बे ह्यो,” असं म्हणून पोरं त्याला बेजार करत होती. त्यात मोमीनपुऱ्यातली पोरंही होती, तीही कमानच काढून आली होती. अन्वर रडकुंडीला आला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, असू दे बाळ, पुढच्या वर्षी. मौलवीही हसले. आम्हा कुणाच्याच मनात काही आलं नाही.

निकाल आला. अन्वर पास. बाकी सगळा वर्ग नापास.

मी निकाल ऐकून सदर मुदर्रिसांच्या खोलीत गेलो तेव्हा मौलवी तिथे आधीच उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. सदर मुदर्रिसांनी मला खुर्ची दिली. फार हळू आवाजात ते म्हणाले, की मास्टरसाहब, कमान म्हणजे जिच्यातून तीर सोडतात ती. दारावर असते ती महराब. मुलांना एवढाही फरक माहीत नसावा याचं मला वाईट वाटतं.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी मौलवींकडे बघितलं. ते म्हणाले, “मैं भी महराबच समझा, मास्तर. हमारे यहाँ सब कमानच बोलते.”

अवघड शब्द असता तर कुणीतरी हात वर केला असता, मौलवी अडखळले असते, काहीतरी झालं असतं. हा शब्द प्रत्येकाच्या घरातला. मराठी घरातला, दखनी घरातलाही. त्यामुळे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

मौलवी आणि मी, दोघं शिक्षणखात्याच्या बड्या साहेबांना भेटायला औरंगाबादेला गेलो. गाडीभाडं मौलवींनी मला देऊ दिलं नाही. साहेबांच्या टेबलावर आमच्या वर्गाच्या कागदांचा गठ्ठा होता. त्यांनी तो पुढं सारला. पंचवीस-तीस राजुरी वेशी, एकावर एक. प्रत्येकीवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ. बिरूचा कागद मी हातात घेतला. उलटा धरला. साहेबांना वाटलं मला कागद सुलटा धरता येत नाही. ते मदत करायला वाकले. उजवी बाजू बसली नव्हती. दगडातली खरी वेसही जराशी झुकलेली आहे, ही नव्हती.

मौलवींनी त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण तिथे केलं. दखनी बाजूला ठेवून, शुद्ध उर्दूत, घाम पुसत. शेवटी म्हणाले, “हुजूर, खुद्द हैदराबादेत चारकमान आहे. रोज हजारो लोक तिच्याखालून जातात. ती काय चार धनुष्यं आहेत?”

साहेब हसले. ते रागीट नव्हते; रागीट असते तर बरं झालं असतं. म्हणाले, की मौलवीसाहब, बाजाराची भाषा वेगळी आणि तालीमची, म्हणजे शिक्षणाची, भाषा वेगळी. बाजार जे बोलतो तेच शिकवायचं तर मदरसे कशाला हवेत? एका शाळेसाठी निकाल बदलता येत नाही. मग त्यांनी आम्हाला चहा दिला आणि बिरूचा कागद माझ्या हातातून हळूच काढून गठ्ठ्यात ठेवला.

परत आलो तर बिरू गेलेला. निकाल कानावर पडला त्याच दिवशी तो मामाला सांगून शिरूरला निघून गेला होता. मामा म्हणाले, “काय बोलला न्हाई. जेवला आन गेला. बापाला शब्द दिल्ता म्हणं.” पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याला गाठायला म्हणून शिरूर कासारला गेलो. मेंढरं घेऊन सगळे गंगथडीला उतरले होते, गोदावरीच्या काठानं. कुठल्या गावाच्या शिवारात असतील हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हातारी आजी तेवढी घरी होती. तिला मी सांगितलं, की बिरूची कमान बरोबर होती, चूक पेपरवाल्यांची होती, एवढं त्याला कळवा. तिला ऐकू कमी यायचं. ती म्हणाली, “व्हय व्हय, लई चुका करतुय. सांगते त्याला.” मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. तिनं मला ताक दिलं.

पुढची गश्ती आली ती माझ्याच पोटावर. जिल्ह्यात ड्रॉइंगचे निकाल समाधानकारक नसल्यानं मधल्या वर्गांतून तो विषय बंद करण्यात येत आहे. तो तास खुशखतीला, म्हणजे सुंदर हस्ताक्षराला द्यावा. ड्रॉइंग मास्तर खुशखत शिकवायला तयार असल्यास त्यांना कायम ठेवावं. आमच्याच नापास कमानी दाखवून आमचा तास काढून घेतला.

माझं डोकं फिरलं. तडक सदर मुदर्रिसांच्या खोलीत गेलो. ते मौलवींशी काही बोलत होते. मी उभ्यानंच म्हणालो, “साहब, मेरा राजीनामा लीजिए.”

सदर मुदर्रिस उठले. टेबलाला वळसा घालून आले. दोन्ही हातांत माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, “मास्टरसाहब, मला हीच काळजी होती. तुम्ही राजी झालात, माझ्या मनावरचं ओझं उतरलं.” आणि शिपायाला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी शरबत मागवलं.

राजीनाम्यावर शरबत कसलं, ते मला कळेना. मौलवी खाली मान घालून खोकत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला लिंबाखाली नेलं आणि सांगितलं, की नोकरी सोडायची असेल तर ‘इस्तिफा’ म्हणायचं असतं. राजीनामा म्हणजे त्यांच्या भाषेत कबुली. मी राजी आहे, असं लिहून देणं.

मग आम्ही दोघं हसलो. निकाल लागल्यापासून पहिल्यांदाच. पोट दुखेपर्यंत हसलो, शिपाई धावत बघायला आला. आणि तिथेच घात झाला. राग एकदा असा हसण्यावारी गेला की पुन्हा गोळा करता येत नाही. उद्या जाऊन ‘इस्तिफा’ म्हणेन असं म्हणत राहिलो. तोवर मौलवींनी ही गोष्ट अर्ध्या बीडला सांगितली होती, आणि मी राजी मास्तर झालो होतो.

उरलेली सगळी नोकरी मी खुशखत शिकवली. वाईट शिकवली नाही. माझ्या हाताखालच्या मुलांची अक्षरं बघून कचेरीतले लोक ओळखायचे, की हा राजी मास्तरांचा. पण अक्षर हे दुसऱ्यानं घालून दिलेलं वळण असतं. ते कितीही सुंदर आलं तरी मुलाला ‘हे मी बघितलं’ असं म्हणता येत नाही. वेशीखाली मी पुन्हा वर्ग नेला नाही. तुरीच्या काड्यांचं मडकं शाळेच्या कोठीत बरीच वर्षं पडून होतं. कुणीतरी त्यात पाणी भरून ठेवायला घेतलं. अन्वर पुढं मोठा अंमलदार झाला असं ऐकलं. मौलवी वारले तेव्हा त्यांच्या कबरीवरचं नाव मी लिहिलं. ठिपके तीनतीनदा तपासले.

आता राज्य बदललं. शाळेत मराठी आली, आनंद आहे. नवे हेडमास्तर मला सत्काराला घेऊन गेले होते. मी विचारलं, चित्रकला कधी असते? म्हणाले, “शनिवारी शेवटचा तास ठेवलाय. पण परीक्षा जवळ आली की गणिताला देतो.” मी नमस्कार केला आणि नारळ घेऊन घरी आलो.

गेल्या वर्षी नारायणगडाच्या जत्रेहून परत येत होतो. बीडच्या अलीकडे रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला, गाडी थांबली. कळपामागं पांढऱ्या मिशांचा, डोक्यावर घोंगड्याची खोळ घेतलेला माणूस होता. तो गाडीवानाला काही म्हणत जवळ आला, माझ्याकडे बघितलं, काठी काखेत धरून हात जोडले.

“मास्तर. वळकलं का?”

मिशा काढून टाकल्या असत्या तर लवकर ओळखलं असतं. मी खाली उतरलो. बाप कधीचाच वारला होता. पोरं, नातवंडं होती. तब्येत चांगली होती. मेंढरं पुढं सरकत होती आणि त्याचं लक्ष एकसारखं तिकडं जात होतं, तरी तो निघेना. शेवटी म्हणाला,

“एक इच्यारू का? लई वर्सं झाली. तुमास्नी आठवायचं न्हाई.”

“विचार.”

“त्या पेपरात माझी उजवी बाजू बसली व्हती का वो?”

आजीनं काय निरोप दिला असेल ते मला त्या क्षणी कळलं. मी त्याला सगळं सांगितलं. कमान म्हणजे त्यांच्या भाषेत धनुष्य. सगळ्या वर्गानं वेसच काढली होती. तुझा कागद मी हातात घेतला, उलटा धरून बघितला. उजवी बाजू बसलेली नव्हती. माझ्या दुसऱ्या कुठल्याच मुलाच्या हातून तशी कमान आली नाही.

तो ऐकत होता. काठीच्या टोकानं त्यानं धुळीत एक बाक ओढला, खांद्यातून, मी शिकवला होता तसा, आणि त्याच्या दोन टोकांना जोडणारी एक सरळ रेघ.

“ह्ये मागत व्हते?”

“हे.”

“आन माझी बसली नव्हती.”

“नव्हती, बिरू.”

त्यानं मान हलवली. मेंढरं बरीच पुढं गेली होती. खोळ सारखी करून तो निघाला, दोन पावलं गेला आणि माझ्याकडे वळला.

“मंग मी काढायचं उगंच सोडलं की वो, मास्तर.”